कोंडाजींच्या गोठ्यातली हवा

टेम्पोतून ते यंत्र खाली उतरलं तेव्हा नेरे गावातल्या अर्ध्या लोकांना ती पिठाची गिरणी वाटली आणि उरलेल्या अर्ध्यांना पंक्चर काढायचं दुकान. हमालांना काय वाटलं ते त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. एकटा इंद्रजित सेलूकर तेवढा, घरात नवी सून आल्यासारखा, यंत्राच्या पुढंमागं धावत होता.

"सावकाश! डावीकडून धरू नका, तिकडे व्हॉल्व आहे. अहो दादा, व्हॉल्ववर पाय नको!"

घरमालक कोंडाजी गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे होते. "सायेब, ह्ये नक्की हाय तरी काय?"

"कॉम्प्रेसर. श्वास घ्यायच्या हवेचा."

कोंडाजींनी एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा समोरच्या मोकळ्या रानाकडं बघितलं. "हवा तर हितं लई हाय," ते म्हणाले. "इकत कशापायी आनली?"

या प्रश्नाचं उत्तर इंद्रजितने पुढच्या काही आठवड्यांत इतक्या वेळा दिलं की शेवटी ते त्याला स्वतःलाच पटेनासं झालं. तो हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रशासन विभागात होता. म्हणजे कॅन्टीनमधल्या पातळ वरणापासून अडकलेल्या लिफ्टपर्यंत ज्या ज्या गोष्टीबद्दल तक्रार करता येते, ती त्याच्या टेबलावर यायची. माणूस मूळचा परभणीकडचा, सेलूचा. माणूस बुडेल एवढं पाणी एका जागी साठलेलं बघून ज्याला अजूनही गहिवरून येतं, अशांपैकी. त्यामुळे मालवणला तो आणि त्याची बायको गौतमी पाण्याखाली बुडी मारायचं रीतसर शिक्षण घेऊन आले, तेव्हापासून इंद्रजितचं जमिनीवर लक्ष लागेना. कासारसाईचं धरण घरापासून मोटारसायकलने हाकेच्या अंतरावर. पाठीला बांधायची नळकांडी होती, तोंडात धरायची नळी होती, काळा रबरी पोशाख होता. नव्हती ती फक्त हवा. ती भरून आणायची तर मुंबई गाठायला लागायची. अशात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या अग्निशमन पथकाचा कॉम्प्रेसर लिलावात निघाल्याचं कळलं, आणि मुळशी तालुक्यात स्वतःची हवा स्वतः भरणारा पहिला माणूस होण्याचा मान आपलाच, हे इंद्रजितच्या मनाने घेतलं.

कोंडाजींनी जमीन विकली, तिच्याबरोबरच म्हशीही गेल्या होत्या. गोठा रिकामा होता. "ठिवा हितं," ते उदारपणे म्हणाले. "जागेला कायतरी सोबत हुईल."

पहिल्या रविवारी इंद्रजितने यंत्राची घुसळण सुरू केली. हवा अशा प्रचंड दाबाने दाबली की तिला घाम फुटतो, आणि त्या घामात यंत्राचं तेलही मिसळतं. म्हणून मधेमधे खालची चावी उघडून ते बाहेर सोडायचं असतं. इंद्रजितने चावी उघडली. फुस्सऽऽ आवाज झाला आणि खाली ठेवलेल्या डब्यात पांढरंशुभ्र, फेसाळ पाणी पडलं.

दारात जमलेली मंडळी डब्याभोवती सरकली.

"अगं ये तुळजे," कोंडाजींनी बायकोला हाक मारली, "बघ तरी! गोठ्यात ठिवलं तर मशीनबी दूध द्याया लागलं!"

तुळजाबाई बाहेर आल्या, डब्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "पातळ हाय."

इंद्रजितने हा अपमान गिळला. त्याचं सगळं लक्ष काट्याकडे होतं. काटा चढत होता, नळकांडं गरम होत होतं, आणि त्याच्या छातीत असं काही भरून येत होतं जणू हवा तिथेच चालली आहे. भरून झाल्यावर त्याने ते नळकांडं दोन्ही हातांवर घेऊन, बारशाच्या बाळासारखं, गौतमीपुढे आणलं.

गौतमी पिरंगुटच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. मसाल्यात कुठे ओल लागली, तेल कुठे खवट झालं, हे तिचं नाक पोतं उघडायच्या आत सांगायचं. तिने चावी किंचित सोडली, नाक पुढे केलं आणि डोळे मिटले.

"बोंबील," ती म्हणाली.

"काय?"

"सुके. तव्यावर भाजलेले. वर लसूण आहे." तिने पुन्हा हुंगलं. "आणि धूर. चुलीचा."

प्रकार साधा होता. यंत्र जिथून हवा ओढतं ती नळी गोठ्याच्या मागच्या खिडकीतून बाहेर काढली होती, आणि खिडकीबाहेर तुळजाबाईंची चूल होती. कारखान्याकडून आलेला फिल्टर तर इतका जुना की त्यातल्या कोळशाने वास शोषायचं कधीच सोडून दिलं होतं. यंत्राने निष्ठेने दाबून, पिळून, शंभरपट घट्ट करून त्या नळकांड्यात तुळजाबाईंचा स्वयंपाक भरून ठेवला होता.

"बोंबील चालतील हो," इंद्रजित काकुळतीने म्हणाला. "मी खातो की."

"बोंबील चालतील, धूर नाही चालणार." गौतमी हसत नव्हती. "चुलीच्या धुरातला विषारी वायू इथे वर डोकं दुखवतो. खाली दाबात तोच माणसाला झोपवेल. आणि पाण्यात झोपलेला माणूस उठत नाही. सोडून द्या सगळी."

इंद्रजितने जड हाताने चावी उघडली. सगळी सकाळ खपून भरलेली हवा सूंऽऽ करत बाहेर निघाली. गल्लीत बोंबलाचा घमघमाट सुटला आणि कोंडाजींच्या दोन्ही मांजरी येऊन नळकांड्याला अंग घासू लागल्या.

हे तुळजाबाईंच्या कानावर गेलं ते मात्र "सायबांना आपल्या सैपाकाचा इटाळ वाटतो" अशा रूपात. त्यांनी सकाळी येणारं ताक बंद केलं. मराठवाड्यातल्या माणसाला असली शिक्षा थेट जिव्हारी लागते. शेवटी गौतमी स्वतः त्यांच्या चुलीपुढे जाऊन बसली, बाजरीच्या भाकरीबरोबर तेच बोंबील मागून खाल्ले, वर दुसऱ्यांदा मागितले, आणि मग हळूच धुराचा विषय काढला.

"असं सांगायचं की मंग," तुळजाबाई म्हणाल्या. "तुमचं सायेब निस्तं 'दूषित, दूषित' करत हुतं."

नळी वर न्यायची ठरली. उंच बांबू आणला, नळी त्याला बांधली आणि बांबू गोठ्याच्या आढ्यावर उभा केला. टोकाला पाऊस जाऊ नये म्हणून पितळी गडू उपडा घातला. परिणाम असा झाला की गावात कुणी ती गुढी समजून हात जोडले, तर कुणी घरात येऊन विचारलं, "किती च्यानल दिसत्यात?"

नवा फिल्टर मागवला. तो सीलबंद पाकिटात आला, कारण त्यातले ओल शोषणारे दाणे फार हावरट असतात. उघडे राहिले तर कुणाचीही ओल शोषून बसतात आणि कामाच्या वेळी पोट भरलेलं असतं. हे इंद्रजितला माहीत होतं. शेजारच्या खोलीतल्या जनार्दनकाकांना माहीत नव्हतं. काका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आल्यापासून त्यांना या गावात दाब असलेली एकही वस्तू भेटली नव्हती, त्यामुळे कॉम्प्रेसर आल्यापासून त्यांची तब्येत सुधारली होती. इंद्रजित ऑफिसात असताना त्यांनी निव्वळ आपुलकीपोटी पाकीट फोडलं, फिल्टर बाहेर काढला, आलेल्यागेलेल्याला दाखवला आणि संध्याकाळी ओसरीवर पाण्याच्या माठाशेजारी नीट ठेवून दिला.

"माल चांगला आहे," त्यांनी इंद्रजितला सांगितलं. "पण उगाच बाहेरून मागवता. आतमध्ये कोळसाच आहे. नारळाच्या करवंट्या जाळा, कुटा, भरा. मी देतो भरून."

इंद्रजितने दुसरा फिल्टर मागवला आणि तो आल्यावर कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधावी तशी गळ्यात बांधली.

एवढं झाल्यावर पुन्हा यंत्र सुरू केलं. हवा आभाळातून येत होती, कोळसा ताजा होता, घाम वेळेवर सोडला जात होता. काटा निम्म्यावर आला. इंद्रजित हळू आवाजात काहीतरी गुणगुणायला लागला. आणि त्याच वेळी यंत्राच्या डोक्यावरचा सुरक्षा व्हॉल्व कानठळ्या बसवणारा आवाज करून उघडला.

दिवाळीतला सगळ्यात मोठा फटाका पत्र्याच्या डब्यात लावावा तसा तो आवाज. कोंबड्या उडाल्या त्या छपरावर जाऊन बसल्या. दूध घालायला आलेला माणूस सायकल टाकून पळाला. जनार्दनकाका जागच्या जागी उभे राहून आनंदाने ओरडले, "वा! जुने दिवस आठवले!"

थोड्याच वेळात गोठ्याच्या दारात हवालदार हजर झाला. गावात स्फोट झाल्याचं कुणीतरी कळवलं होतं.

"कशाचं मशीन?"

"श्वासाचं."

"मग फुटलं कसं?"

"फुटलं नाही. फुटू नये म्हणून जो व्हॉल्व असतो, तो उघडला."

"म्हणजे हा आवाज फुटला नाही याचा आहे?"

"हो."

हवालदाराने उघडलेली वही मिटली. "फुटलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "मला वर काय सांगायचं ते तरी कळलं असतं."

व्हॉल्वची स्प्रिंग म्हातारी झाली होती. जो दाब गाठल्यावर उघडायचं, त्याच्या अर्ध्यातच तो घाबरून उघडत होता. त्यावर गावाचं एकमुखी मत पडलं की त्याला आवळावा. कोंडाजी म्हणाले तार बांधा. जनार्दनकाका म्हणाले, तार कशाला, व्हॉल्व काढून त्या जागी बोल्ट ठोका, कटकट संपली. इंद्रजित मऊ माणूस होता, ऑफिसात वरणाबद्दल कुणी ओरडलं तरी तो 'बघतो सर' म्हणायचा. पण या बाबतीत त्याने कुणाचं ऐकलं नाही. व्हॉल्व उतरवून, धोतरात गणपती बांधावा तसा टॉवेलात बांधून तो भोसरीला एका तपासणी करणाऱ्या कार्यशाळेत घेऊन गेला.

खिडकीतल्या गृहस्थाने मान वर न करता विचारलं, "वापर कशासाठी?"

"श्वास घेण्यासाठी."

"तो आम्हीपण घेतो. औद्योगिक वापर सांगा."

"औद्योगिक नाही. वैयक्तिक श्वास."

"वैयक्तिक श्वासाचा रकानाच नाही," गृहस्थ म्हणाला. "संस्था कुठली?"

"मीच."

आता गृहस्थाने मान वर केली, इंद्रजितला नखशिखान्त न्याहाळलं आणि संस्था म्हणून नापास केलं. 'ठेवून जा, बघू' या सदरात व्हॉल्व जमा झाला. त्यानंतर इंद्रजित फोन करी आणि तिकडून 'साहेब जेवायला गेलेत' असं उत्तर येई. फोन कुठल्याही वेळी केला तरी साहेब जेवतच असत.

गोठ्यात यंत्र डोक्याविना उभं राहिलं. इंद्रजितचं गावात नाव पडलं 'हवावाले'. ट्रॅक्टरची चाकं घेऊन माणसं यायला लागली. आणि अजून त्याने आपल्या हवेचा एक श्वाससुद्धा घेतला नव्हता.

नोव्हेंबरात एका सकाळी नळाला पाणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. कासारसाईच्या धरणातून गावाला पाणी देणारा पंप तर चालू होता. नुसता घूंऽऽ करत होता, पाणी मात्र ओढत नव्हता. धरणात पाइपाच्या तोंडाला जी जाळी आहे तिथे काहीतरी अडकलं असणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण जाळी होती तीन पुरुष पाण्याखाली. पोहणारे गडी बुड्या मारून आले, त्यांचे हातही तळाला लागले नाहीत. पाणबुडा मागवावा असा प्रस्ताव वर गेला होता आणि तो वरच होता. टँकर यायचा तो भांडणं लावून जायचा. तुळजाबाई रानातल्या विहिरीवरून डोक्यावर हंडे आणू लागल्या. भाडेकरूंच्या खोल्यांतली पोरं बिसलेरीने दात घासू लागली. दोन कुटुंबं तर खोल्या सोडून वाकडला गेली.

आणि मग सरपंच अण्णासाहेब गोठ्यापुढे येऊन उभे राहिले. मागे निम्मं गाव.

"सेलूकर सायेब," त्यांनी पांढरी टोपी नीट केली, "गावाची लाज आता तुमच्या गोठ्यात हाय."

"माज्या गोठ्यात," कोंडाजींनी दुरुस्ती केली.

इंद्रजितच्या अंगावर रोमांच उभे राहिले. आयुष्यात प्रथमच निम्मं गाव त्याच्याकडे तक्रार न घेता आलं होतं. "मी जातो," तो म्हणाला. "नक्की जातो. पण हवा नाही. मुंबईला विचारलं, तिथे आठवडाभर नंबर लागत नाही. व्हॉल्व भोसरीला आहे."

"अहो, मग बोल्ट!" जनार्दनकाका मागून ओरडले. "मी सांगत नव्हतो? बोल्ट ठोका, आत्ता भरून होईल!"

"ठोका की मंग!" गर्दीतून आवाज उठला. "किती दिस हंडं व्हायचं?" एका बाईने रिकामा हंडा दगडावर आपटला. मग दुसरीने. बघता बघता सगळे हंडे वाजायला लागले. "सायेब, येवढ्यानं काय हुतंय?" अण्णासाहेब म्हणाले. "एक डाव चालवून घ्या."

'बघतो सर' हे शब्द इंद्रजितच्या ओठांपर्यंत आले होते. पण बाहेर पडला तो दुसराच शब्द.

"नाही."

हंडे थांबले.

"बोल्ट ठोकला आणि दाब वाढला, तर हे यंत्र फुटेल. गोठा जाईल, मी जाईन. मग पाणी आलंच, तर ते माझ्या तोंडात घालायला उपयोगी पडेल." त्याने व्हॉल्वच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. "खाली माणूस श्वास घेणार आहे, अण्णासाहेब. व्हॉल्व आल्याशिवाय आणि गौतमीने हवा हुंगल्याशिवाय मी नळकांडं भरणार नाही. गावाने मला हाकलून दिलं तरी."

अण्णासाहेबांनी मिशी कुरवाळली. मग म्हणाले, "भोसरीत कुटं म्हनला?"

भोसरीला जीप भरून माणसं गेली. खिडकीतल्या गृहस्थाने "संस्था कुठली?" असं विचारलं, तेव्हा अण्णासाहेबांनी मागे हात केला. "ही," ते म्हणाले. मागे पंधरावीस माणसं उभी होती आणि बायकांनी हंडे बरोबर आणले होते. साहेब त्या दिवशी जेवायला गेले नाहीत. दुपार कलायच्या आत, नवी स्प्रिंग घातलेला, दाब तपासून शिशाचं सील ठोकलेला व्हॉल्व गावात आला. हलगी वाजवायचं तेवढं इंद्रजितने थांबवलं.

त्या दुपारी नेरे गावात जे झालं ते पाहण्यासारखं होतं. सीलबंद फिल्टर कपाटातून निघाला, आणि जनार्दनकाकांना दोन हात लांब उभं करून इंद्रजितने तो बसवला. तुळजाबाईंनी पदर खोचला आणि गल्लीच्या तोंडाशी ठाण मांडलं. "आज कुनी चूल पेटवायची न्हाई!" एकाची मोटारसायकल त्यांनी ढकलत न्यायला लावली. एकाची बिडी तोंडातून काढून पायाखाली चिरडली. खुद्द अण्णासाहेबांची जीप त्यांनी वेशीवर थांबवली. "तुमी सरपंच आसाल," त्या म्हणाल्या, "पर धूर त्यो धूरच."

यंत्र सुरू झालं. इंद्रजितने पहिल्यांदा व्हॉल्वचीच परीक्षा घेतली. नळकांडं न जोडता दाब चढवत नेला. काटा निम्म्यावर आला, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. व्हॉल्व गप्प. काटा पुढे गेला, आणखी पुढे, लाल रेघेला टेकला आणि धडाम्! बरोबर हव्या त्या जागी व्हॉल्व उघडला. फुटलं नाही म्हणून झालेल्या आवाजाला आख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं.

मग नळकांडी भरली. गौतमी पुढे झाली. तिने चावी सोडली, डोळे मिटले. गल्लीत कुणी खोकलंसुद्धा नाही. तिने एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं, अगदी सावकाश तिसऱ्यांदा हुंगलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "कसलाच वास नाही."

असा जल्लोष झाला की कोंबड्या पुन्हा छपरावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रजित उठला तो शिंकतच. आनंदाने असेल, गार पाण्याने हात धुतल्याने असेल, त्याला अशी झकास सर्दी झाली होती की उजवा कान पूर्ण बंद होता आणि डावा लांबून रेडिओ लागावा तसा ऐकू येत होता. सर्दीत पाण्याखाली जाता येत नाही. कानाचा पडदा फाटतो. हे त्याला शिकवलेलं होतं, आणि गौतमीलाही.

"सुंठ घेतो," तो म्हणाला. "होईल मोकळा."

"अहो, काल गावापुढे काय म्हणालात? माझ्या हुंगण्याशिवाय नळकांडं भरणार नाही. मग आज माझ्या सांगण्याशिवाय पाण्यात जायचं नाही." तिने कपाटातून रबरी पोशाख बाहेर काढला. "मी जाते. तुम्ही दोर धरा."

इंद्रजित अंगणातल्या दगडावर बसून राहिला. एवढा मोठा दिवस, एवढी गर्दी, आणि आपण दोर धरायचा! तालुक्यातला पहिला माणूस नाकाला रुमाल लावून काठावर! त्याने सुंठ खाल्ली, वाफ घेतली, नाक दाबून फुंकलं. कान उघडला नाही. मग तो उठला आणि बायकोच्या पोशाखाची चेन मागून लावून दिली.

कासारसाईच्या काठावर जत्रेसारखी माणसं होती. शेंगदाणेवालासुद्धा आला होता. इंद्रजितने सगळ्यात आधी पंपाच्या खोलीत जाऊन फ्यूज काढले आणि स्वतःच्या खिशात घातले, कारण बाई जाळीपाशी असताना कुणी उत्साहाने पंप चालू केला तर काय होईल ते त्याला रात्रभर दिसत होतं. मग त्याने गौतमीच्या कमरेला दोर बांधला. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील, तीन म्हणजे ओढा.

ती गेली. पाणी तिच्यावर मिटलं आणि बुडबुडे तेवढे वर येत राहिले.

इंद्रजितने बुडबुड्यांवरची नजर हलवली नाही. आजूबाजूला लोक बोलत होते, त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. प्रत्येक बुडबुडा त्याने भरलेला होता. त्यातला एखादा जरी खराब निघाला तर? फिल्टर नीट बसला होता ना? घाम सगळा सोडला होता ना? दोराला एक हिसका आला. मग दोन. त्याने ढील दिली. मग बराच वेळ काहीच नाही. बुडबुडे एका जागी येऊ लागले, पाणी गढूळ झालं. कोंडाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तीन हिसके.

चौघांनी दोर ओढला. गौतमीचं डोकं वर आलं, आणि तिच्या मागून पाण्यातून काहीतरी प्रचंड, चिखलाने माखलेलं, मगरीसारखं वर येऊ लागलं. बायका किंचाळल्या. गड्यांनी ते काठावर ओढून घेतलं, पाणी मारलं, आणि पसरून बघितलं.

तो फ्लेक्स होता. 'नेरे गावच्या पाणीपुरवठा योजनेचा भव्य उद्घाटन सोहळा.' मधोमध हात जोडून हसणारे, माणसापेक्षा मोठे अण्णासाहेब. पावसाळ्यात वाऱ्याने उडून तो धरणात पडला असणार आणि पंपाने त्याला ओढत ओढत जाळीवर नेऊन चिकटवला असणार.

"तोंड बरोबर जाळीवर होतं," गौतमीने नळी काढून सांगितलं. "मिश्यांपाशी फार घट्ट बसला होता."

सगळं गाव अण्णासाहेबांकडे बघू लागलं. अण्णासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "ह्यात," ते गंभीरपणे म्हणाले, "इरोधकांचा हात हाय."

इंद्रजितने खिशातून फ्यूज काढून दिले. पंप घरघरला, खोकला, आणि मग त्याचा आवाज एकदम भरदार झाला. पाइप थरथरायला लागला. गावातून कुणाच्या तरी मोबाइलवर फोन आला. फोन घेणारा एवढंच ओरडला, "आलंऽऽ!"

आणि काठ रिकामा झाला. जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकली, शेंगदाणेवाला, सगळे गावाकडे सुटले, कारण भांडी भरायची होती आणि एवढ्या दिवसांनी आलेल्या पाण्यावर कुणाचाच भरवसा नव्हता. सत्कारासाठी आणलेली शाल राहिली, नारळ राहिला. अण्णासाहेब आपला फ्लेक्स गुंडाळून तेवढा घेऊन गेले. कोंडाजीही, "हंडं भरून येतोच," असं म्हणून ट्रॅक्टरसकट गेले. उन्हात बसून राहिले ते दोघं, दोन नळकांडी आणि वितळायला लागलेली सुंठेची गोळी.

"कसं होतं खाली?" इंद्रजितने विचारलं.

"काही दिसत नव्हतं. नुसता चिखल." गौतमी केस पिळत होती. "भीती वाटली मला. हाताला हात दिसेना. मग म्हटलं, श्वास तर घेता येतोय. तुम्ही भरलेला आहे. मग नाही वाटली."

इंद्रजितने काहीतरी उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण त्याला शिंक आली. शिंकून झाल्यावर तो लाल डोळ्यांनी दुसऱ्या नळकांड्याकडे बघत बसला. ते भरलेलंच होतं.

"खोल नाही," गौतमी म्हणाली. "इथेच काठाशी. गुडघाभर पाण्यात. तिथे कानाला काही होत नाही."

कोंडाजी ट्रॅक्टर घेऊन परत आले तेव्हा काठावर गौतमी एकटीच, पाय पसरून शेंगदाणे खात बसली होती. शेजारी इंद्रजितच्या चपला, शर्ट आणि घड्याळ.

कोंडाजींनी ट्रॅक्टरवरून उडी टाकली. "ताई, सायेब कुटं गेलं?"

गौतमीने बोट दाखवलं. समोर, म्हशीसुद्धा जिथं बसायला लाजतील अशा उथळ पाण्यात, एक मोठा बुडबुडा वर आला. थांबून दुसरा आला. सावकाश, अगदी सावकाश, तिसरा.

"तिथं बसलेत," ती म्हणाली. "श्वास घेतायत. जरा थांबा, त्यांना उठवू नका."